बियाचं धान आधी बाजूला

"बी पहिले ठेवजो, मंग खाजो, मंग इकजो." माझ्या आजीच्या सगळ्या कानमंत्रांत हा पहिला. घरावर कर्ज असो, लग्न ठरलेलं असो, व्यापारी दारात येऊन बसलेला असो, हा क्रम तिने कधी मोडू दिला नाही. बियाचं धान विकून खाल्लं की पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. तो जे देईल ते कुठल्या बांधीतलं, कशात मिसळलेलं, हे आपल्याला कळत नाही. शेतकऱ्याला याहून मोठी लाचारी नाही असं तिचं मत होतं.

आमचं दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं, वैनगंगेच्या अंगाचं गाव. इथे शेती म्हणजे धान. तूर, लाखोळी, जवस हे सगळं धानाच्या आधाराने. आजीने जे सांगितलं त्यातलं बरंचसं मी आजही माझ्या बांध्यांत करते, आणि काही गोष्टी मुद्दाम करत नाही. दोन्ही इथे लिहिते आहे. धानाच्या घरातल्या मुली आता शिकायला, नोकरीला नागपूर-पुण्याला जातात, सुना गोंदिया-तिरोड्याला राहतात, आणि कानाशी बसून सांगायची ती वेळच कोणाला मिळत नाही.

बी निवडायचं ते उभ्या पिकात. रास पडल्यावर निवडायला बसणं हे आळशाचं काम, असं ती म्हणायची. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी ती एकटी बांधीत उतरायची. धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधालगतच्या, ओळी सोडून द्यायच्या. कडेच्या धानाला ऊन-वारा जास्त मिळतो, त्यामुळे ते भरलेलं दिसतं पण तो त्याचा खरा गुण नसतो, आणि शेजाऱ्याच्या बांधीतलं वाण मिसळतं तेही कडेलाच. आडवं पडलेलं धान घ्यायचं नाही. जिथे रोग दिसला होता तिथलं घ्यायचं नाही. बांधीच्या मधोमध सारख्या उंचीचा, एकाच वेळी पिकलेला तुकडा पाहायचा आणि त्याच्या चार कोपऱ्यांना काटक्या रोवायच्या. त्या तुकड्यात एखादं झाड उंच गेलेलं, एखाद्याच्या दाण्याला कुसळ आलेलं, एखाद्याचा दाणा लालसर असं काही दिसलं की ते मुळासकट उपटून बाहेर. रानटी धान तर दिसताक्षणी. त्याचा दाणा आधी पिकून गळतो आणि पुढची कित्येक वर्षं त्याच बांधीत उगवत राहतो.

हा तुकडा वेगळा कापायचा, दहिवर उडाल्यावर. वेगळा बांधायचा. चुरायला बैल किंवा ट्रॅक्टर नाही, फळीवर आपटून झोडायचा, म्हणजे दाण्याला मार बसत नाही. सारवलेल्या अंगणात पातळ पसरून वाळवायचा. वाळलं की नाही हे ती दातांनी ठरवायची. दाणा दाताखाली दबला तर अजून ऊन हवं, कट्कन तुटला तर झालं. आज बाजारात ओलावा मोजायचं यंत्र असतं. आधारभूत खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पण बियाण्यासाठी तेवढा चालत नाही, ते १२-१३ टक्क्यांवर आणावं लागतं. आजीला टक्के माहीत नव्हते, पण तिने ठेवलेलं बी कुजल्याचं मला आठवत नाही.

यातली एक बारीक गोष्ट लोक हमखास विसरतात. उन्हातून उचललेलं गरम धान तसंच ढोलीत भरायचं नाही. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्यायचं आणि सकाळी भरायचं. गरम भरलं तर आत घाम धरतो, वरच्या थराला बुरशी लागते आणि मग किडे होतात. ढोली बांबूची, शेणमातीने आतून-बाहेरून लिंपलेली, जमिनीपासून वीतभर उंच लाकडांवर ठेवलेली. तळाला सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, मध्ये मध्ये त्याचेच थर, तोंडाशी राख. आता प्लास्टिकची टाकी वापरली तरी पाला आणि थंड करण्याचा नियम तोच ठेवा.

धानाच्या बांधीत डोळा लावून चालण्याची किंमत काय असते हे सांगायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे पुरेसे आहेत. नागभीड तालुक्यातलं हे छोटं गाव. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचं जे वाण निघालं त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं, आणि ते वाण विदर्भातच नव्हे, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत गेलं. फार न शिकलेला, दीड-दोन एकरांचा हा शेतकरी होता. ३ जून २०१८ ला ते गेले, आणि त्यांच्या वाट्याला आलेला मान त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडा होता, हे मी ठासून लिहिते. आजीने एखादं नवं वाण काढलं नाही. पण ती बांधीत जे करत होती ते याच जातीचं काम होतं, आणि झाडीपट्टीत घरोघरच्या बायका ते करत होत्या. त्यांच्यामुळेच लुचई, हिरानक्खी, चिन्नोर ही धानं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला फार बरं वाटलं. बी जपणारी बाई म्हणून सरकारने कोणाला तरी ओळखलं.

पेरणीआधी आजी बी पाण्यात टाकायची आणि वर तरंगणारं पोचट काढून टाकायची. नंतर कृषी सहायकाने मिठाचं पाणी दाखवलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात जे अर्धवट भरलेले दाणे खाली बसतात ते मिठाच्या पाण्यात वर येतात. तिने ते एकदा पाहिलं आणि लगेच घेतलं. "त्याईचं खरं हाय," एवढंच म्हणाली. नवं ते टाकाऊ आणि जुनं ते सोनं असा तिचा हट्ट नव्हता. फक्त मिठाच्या पाण्यातून काढलेलं बी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत सुकवायचं, हे विसरू नका. मीठ राहिलं तर उगवण मार खाते.

आजीचा जन्म मध्य प्रांतातला. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, होती, आणि १९५१ मध्ये ती व्यवस्था गेली. देश स्वतंत्र झाल्यावर आमचा भाग मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९९९ च्या १ मे ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. चूल, विहीर आणि बांध्या त्याच राहिल्या आणि राज्यं बदलत गेली. तिला यातलं मालगुजारी जाणं तेवढं महत्त्वाचं वाटायचं, कारण त्यानंतर तलावाच्या पाण्याचा मालक कोण हा प्रश्न गावात उभा राहिला. पूर्व विदर्भात असे जवळपास ७,००० मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार होता तोवर पाळीची दुरुस्ती, पाण्याच्या पाळ्या यांची सक्ती होती. तो गेला, तलाव सरकारी झाले आणि गाळ काढायला कोणी राहिलं नाही. मालगुजाराची जुलूमशाही तिने पाहिली होती, ती परत यावी असं तिला कधीच वाटलं नाही. पण "जे सबाईचं, ते कोनाचंच नाही" ही खंत ती नेहमी बोलून दाखवायची. म्हणून आमच्या शेतातल्या बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, गाळ दर उन्हाळ्यात थोडा तरी निघालाच पाहिजे, हा तिचा नियम. टोपलीने का होईना. तो गाळ वरच्या, हलक्या बांध्यांत पडायचा. बोडी खोल होते आणि बांधीला खत मिळतं. दोन्ही कामं एका टोपलीत.

आता रोवणीचं. पऱ्ह्याला, म्हणजे रोवायच्या रोपांना, जागा किती, याचं तिचं माप सोपं होतं. दहा बांध्या रोवायच्या तर एका बांधीएवढे पऱ्हे. त्यात थोडे जास्तच टाकायचे. आभाळाचा भरवसा नाही, कुठे बांधी वाहून जाते, कुठे रोप कुजतं, आणि ऐन पुष्यात दुसऱ्याकडे पऱ्हे मागायला गेलं तर मिळत नाहीत. मृगाचा पाऊस नीट लागला की पऱ्हे टाकायचे, आणि वीस-पंचवीस दिवसांत रोवायला घ्यायचे. महिन्याच्या पुढे गेलेलं रोप रोवलं तर त्याला फुटवे कमी येतात. पाऊस लांबला आणि पऱ्हे म्हातारे झाले तर एका जागी दोनाऐवजी तीन-चार काड्या लावायच्या. हा तोडगा तिचाच, आणि कृषी विद्यापीठाची माणसंही तेच सांगतात.

उपटलेले पऱ्हे त्याच दिवशी रोवून संपवायचे. शिळे पऱ्हे आणि शिळं भांडण घरात ठेवू नये, असं ती म्हणायची. रोवताना खोली अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी, त्याहून जास्त नाही. खोल गेलेलं रोप जीव धरायला आठवडा खातं. मजूर बाया लगबगीत खोल खुपसतात, म्हणून ती स्वतः रांगेत उभी राहायची, आणि कोणाला ओरडायची नाही. पुढे झुकून आपल्या हाताने दाखवायची.

रोवणी म्हणजे दिवसभर चिखलात उभं राहणं, कंबरेतून वाकून, पावसात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या जागा पांढऱ्या पडून सोलतात, रात्री आग होते. आजी रोवणी सुरू होण्याआधीच मेंदीचा पाला वाटून पायांना लावायला लावायची. आपल्याला आणि मजूर बायांनाही. संध्याकाळी स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, मगच तेल. ओल्या पायाला तेल लावलं तर चिखल्या वाढतात. हा तिचा कानमंत्र मी गावातल्या प्रत्येक मुलीला सांगते, कारण रोवणीच्या मोसमात पायांकडे कोणीच पाहत नाही.

मजुरी सांजच्याला हातात, उद्यावर नाही, हाही नियम तेवढाच पक्का. पावसाळ्यात मजुराच्या घरात धान्य संपत आलेलं असतं. त्या दिवसांत पैसा अडवणं तिला पापासारखं वाटायचं. आणि ज्या घरी पैसे सांजच्याला मिळतात, त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आधी येतात, हा व्यवहारही तिला चांगला कळत होता.

रोवणी झाली की पुरुषांना वाटतं काम संपलं. आजीचं काम तेव्हा सुरू व्हायचं. रोज सकाळी हातात काठी घेऊन धुऱ्याधुऱ्याने फेरी. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं पाहायची, कुठून पाणी झिरपतं ते पाहायचं, तिथल्या तिथे चिखलाचा गोळा घालून पायाने दाबायचं. आज बोटाएवढं असलेलं भोक उद्याच्या पावसात धुरा फोडतं. धुऱ्यावर तूर लावलेली असायचीच. तुरीची मुळं धुरा धरून ठेवतात आणि वर्षाची डाळ घरात येते. मोकळा धुरा दिसला की तिला वाईट वाटायचं.

भादव्यात ढगाळ हवा, दमट उकाडा आणि वारा बंद, की तुडतुड्याची भीती. बुंध्याशी वाकून, झाड हलवून पाहायचं, वरून पाहून कळत नाही. बुंध्याला किडे दिसले की सर्वांत आधी बांधीतलं पाणी सोडून द्यायचं आणि चार-पाच दिवस जमीन उघडी ठेवायची. औषध नंतर. ही गोष्ट शास्त्रालाही मान्य आहे, पण आजकाल लोक पाणी तसंच ठेवून फवारणीवर फवारणी करतात, युरियाची मूठही वाढवतात, आणि तुडतुडा अजून बळावतो. गादमाशीच्या वेळीही ती आधी पाहायची की रोवणी लांबली होती का. उशिरा रोवलेल्या बांधीत गादमाशी जास्त, हे तिचं निरीक्षण मी स्वतः वर्षानुवर्षं पडताळलं आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी आयआर-८ आणि त्यामागून जया आलं. ठेंगणं, खताला भरपूर उत्पन्न देणारं धान. घरात आनंद झाला. पोती वाढली, कर्ज फिटलं. आजीला त्यात एकच गोष्ट खटकली. तणस आखूड झाली. आमच्याकडची गुरं उन्हाळाभर तणशीवर जगायची, गोठ्याचं छप्पर तणशीचं, ढोलीचं तोंड बांधायचं तर तणशीचीच दोरी. म्हणून बाकी सगळ्या बांध्यांत जया लागलं तरी बोडीखालच्या दोन बांध्या तिने लुचईला ठेवल्या. उंच धान, लांब तणस, आणि पाहुण्यांना चवीचा भात. उत्पन्नाचा हिशेब करताना दाण्यासोबत काडीही मोजायची, ही तिची शिकवण मला आज जास्त पटते. कापणीच्या यंत्राने तणस बांधीतच तुकडे होऊन पडते, मग लोक ती जाळतात आणि चारा विकत आणतात.

कापणीत घाईही नको आणि हयगयही नको. लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले, फक्त बुडाशी थोडे हिरवट राहिले, की विळा लावायचा. सगळं कोरडं होईपर्यंत थांबलं तर दाणा गळतो आणि भरडताना तुकडा होतो, कनकी वाढते. कडपा पसरल्यावर आभाळाकडे लक्ष. चित्रा-स्वातीचा पाऊस आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर येतो आणि कडपा भिजवून जातो. भिजलेला कडपा पाण्यातून उचलून धुऱ्यावर उलटा टाकायचा, लोंब्या वर. तसाच राहिला तर दोन दिवसांत दाण्याला मोड येतात.

पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाची रास, एका जागी कधीच रचू नका. दोन करा, लांब लांब करा, विजेच्या तारांखाली करू नका. पुंजणं जळाल्याची बातमी आमच्या भागात दरवर्षी येते. कधी ठिणगी, कधी कोणाचं वैर. वर्षाची कमाई एका ढिगात ठेवणाऱ्या घराला सावरायला किती वर्षं लागतात हे आजीने शेजारच्या घरी पाहिलं होतं. आणि पुंजण्यात, तणशीत हात घालण्याआधी काठीने आपटायचं. उंदरामागे साप येतो. रात्री धान राखायला गेलेल्यांनी खाली झोपायचं नाही, खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

सापाचं निघालं म्हणून इथेच सांगते. आजीच्या काळी साप चावला की मांत्रिकाकडे नेत. तीही न्यायला सांगायची. हा कानमंत्र मी पुढे देत नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस मांत्रिकाकडे बरा होतो आणि विषारी साप चावलेला वाटेत जातो, इतकंच त्यामागचं गूढ. मण्यार चावली तर कित्येकदा सूजही येत नाही, दुखतही नाही, आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडतो. आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय किंवा गोंदियाचं केटीएस रुग्णालय गाठा. लस तिथे मिळते, मंत्राने विष उतरत नाही. दुसरी टाकलेली शिकवण बाळंतिणीची. पहिल्या दोन-तीन दिवसांचं चिकाचं दूध जड असतं म्हणून पिळून टाकायचं, असं आजी सांगायची, तिच्या सासूने तिला तसं सांगितलं होतं. तेच दूध बाळाचं पहिलं संरक्षण असतं. माझ्या आजीवर माझं निस्सीम प्रेम आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर चुकीची गोष्ट पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

लाखोळीच्या बाबतीत मात्र ती शास्त्राच्या पुढे होती. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या धानात लाखोळी फेकायची. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही. धान कापलं जातं तोवर खाली लाखोळी उगवलेली असते, जमिनीला नत्र देते, कोवळा पाला भाजीला येतो, दाणा डाळीला. पण ही डाळ महिनोन्‌महिने दुसरं काही न खाता खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. मध्य भारतात दुष्काळाच्या वर्षांत गरिबांच्या वाट्याला तीच आली आणि अनेक गावांत माणसं काठीवर आली. म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. लाखोळीतलं ते विष पाण्यात विरघळतं. आजी डाळ गरम पाण्यात रात्रभर भिजवायची, ते पाणी फेकायची, पुन्हा उकळून तेही पाणी फेकायची, आणि तरीही रोज लाखोळी होऊ द्यायची नाही. एक दिवस लाखोळी, एक दिवस तूर, एक दिवस नुसती भाजी. तिला विषाचं नाव ठाऊक नव्हतं, आपल्या सासरच्या माणसांचे पाय मात्र तिने असेच राखले. आता रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणं निघाली आहेत. बी घेताना वाण विचारून घ्या, आणि भिजवून पाणी फेकण्याची सवय तरीही सोडू नका.

चुलीजवळचंही दोन ओळींत सांगते. नवं धान निघालं की पहिले दोन-तीन महिने जुनेच तांदूळ शिजवायचे. नवा भात चिकट होतो आणि पोटाला जड पडतो. भाताची पेज ओतून द्यायची नाही, मीठ घालून लहान मुलांना, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. कनकीचं पीठ करायचं. तरोटा, धोपा, काटवल, सात्या हे सगळं पावसाळ्यात बिनपैशाचं मिळतं. सात्या, म्हणजे रानातली अळंबी, ओळखता येत नसतील तर जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय शिजवायच्या नाहीत, मग कितीही सुंदर दिसोत.

एवढं सगळं जाणणारी ही बाई सरकारच्या कागदावर शेतकरी नव्हती. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्याआधी पणजोबांचं. तिच्या नावापुढे व्यवसाय म्हणून घरकाम. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव चढलं, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. तिने तलाठ्याकडून आणलेला तो कागद पुन्हा पुन्हा घडी करून पेटीत ठेवला, आणि आम्हा नातींना बोलावून सांगितलं, "कागद घरात ठेवजो, अन् त्यावर आपलं नाव पायजो." मला वाटतं हा तिचा सर्वांत मोलाचा कानमंत्र, आणि तो तिला सर्वांत उशिरा सुचला, कारण तिला तो सांगणारं कोणी नव्हतं.

यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. आधारभूत केंद्रावर धान विकायची नोंदणी सातबाऱ्यावर होते. पैसे सातबारावाल्याच्या खात्यात जातात. बोनस त्याच्याच खात्यात, पीक कर्ज त्याच्याच नावावर, नुकसानीची भरपाईही त्यालाच. जिचे पाय चिखल्यांनी सोललेले असतात तिच्या हातात यातला पै नाही, आणि नवरा गेला तर तिला आधी वारसनोंदीसाठी फिरावं लागतं, मग बाकी सगळं. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर हा प्रश्न हातात घेतला, संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करून दिली. पुढे १९९२ मध्ये शासनाने सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आणि साऱ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. कायदे झाले आहेत, आमच्या गावांत त्यांचा वापर फार थोडा झाला आहे. भावाशी संबंध तुटतील या भीतीने बहिणी हक्क सोडतात, आणि नवऱ्याला अर्ज करायला सांगणं बायकोला अवघड वाटतं. ते अवघड आहे हे मला माहीत आहे, तरीही सांगायला हवं.

म्हणून हे वाचणाऱ्या धानवाल्या घरांना माझं एकच सांगणं आहे. यंदा मृगाआधी पऱ्ह्याचं बी काढाल त्याच आठवड्यात आपला सातबारा काढा आणि त्यावरची नावं वाचा. घरात जी बाई बी निवडते, रोवते, धुरे राखते, तिचं नाव तिथे नसेल तर तलाठी कार्यालयात अर्ज द्या. आणि तुमची आजी अजून असेल तर तिला एकदा बांधीवर घेऊन जा आणि बी कुठून घ्यायचं ते तिला विचारा.